छातीवरचा कॅमेरा आणि अर्जाची पोच

गोव्यातील साखळी शहराजवळच्या एका गावातील गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांचा तेवीस वर्षांचा पुतण्या रात्री साडेअकराच्या सुमारास मित्राच्या दुचाकीवरून घरी परतत असताना नाकाबंदीत अडवला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हते, तालांव (दंडाचे चलन) देण्यावरून बोलाचाली झाली आणि उपनिरीक्षकांना धक्का दिला असे सांगून त्याला पोलीस स्थानकात नेण्यात आले. तेथे व्हरांड्यात आपल्याला मारहाण झाली असे तो सांगतो. सकाळी साडेआठला त्याला सोडले, पण त्याच्या हाती दिलेल्या कागदावर ‘आज सकाळी सात वाजता चौकशीसाठी हजर’ असे लिहिलेले आहे. आता त्याच्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली, म्हणजे सरकारी कामात बळ वापरून अडथळा आणल्याचा, गुन्हा नोंद आहे. उपनिरीक्षकांच्या छातीवर कॅमेरा होता आणि त्याचा लाल दिवा चालू होता, हे पुतण्याला नक्की आठवते. ते चित्रण मिळेल का, आणि मिळाले तर त्याचा उपयोग आमच्या बाजूने होईल का, असे त्यांनी विचारले आहे. घटना घडून नऊ दिवस झाले आहेत.

मी सव्वीस वर्षे उत्तर गोव्यातील फौजदारी न्यायालयांत काम करतो, त्यातली पहिली काही वर्षे सरकारी बाजूने. त्या अनुभवावरून आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा शब्द मला ‘कॅमेरा’ वाटत नाही, ‘नऊ दिवस’ वाटतो. म्हणून बाकीचे विवेचन वाचण्याआधी, शक्य झाल्यास उद्याच, एक काम करावे. चित्रण जपून ठेवावे अशी मागणी करणारा लेखी अर्ज संबंधित पोलीस स्थानकाच्या निरीक्षकांकडे आणि त्याची प्रत जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे द्यावी आणि दोन्ही ठिकाणी तारीख, वेळ व शिक्का असलेली पोच घ्यावी. कोणी पोच देण्यास टाळाटाळ केली तर तोच अर्ज पोस्टाने नोंदणीकृत पाठवून पावती जपावी, आणि ईमेलनेही पाठवावा. अर्ज मराठीत लिहिण्यास संकोच करू नये. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात मराठीचाही शासकीय कामकाजासाठी वापर करता येतो, आणि स्वतःच्या भाषेत लिहिलेल्या अर्जात चुका कमी होतात.

ही घाई का, ते सांगतो. आपल्या पुतण्याच्या प्रकरणात एक नव्हे, तीन वेगवेगळी चित्रणे असू शकतात, आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. पहिले उपनिरीक्षकांच्या अंगावरील कॅमेऱ्याचे, दुसरे पोलीस स्थानकातील सीसीटीव्हीचे, आणि तिसरे रस्त्यावरच्या एखाद्या दुकानाच्या, पेट्रोल पंपाच्या किंवा पंचायतीच्या कॅमेऱ्याचे. दुकानाच्या यंत्रात जागा भरली की जुन्यावर नवे चित्रण आपोआप चढते. त्यामुळे तिसरे चित्रण बहुधा या नऊ दिवसांतच गेले असेल किंवा जाण्याच्या बेतात असेल. तेथे अर्जाची वाट न पाहता आजच जाऊन दुकानदाराला विनंती करावी.

अंगावरील कॅमेऱ्याचे चित्रण किती दिवस ठेवावे हे सांगणारे एकच देशव्यापी कलम नाही. तालांवाच्या बाबतीत मात्र एक आधार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७अ ने अंगावर लावायच्या कॅमेऱ्याला वेगमापक कॅमेऱ्याच्या पंक्तीत बसवले आणि तालांवासाठी वापरलेली इलेक्ट्रॉनिक नोंद त्या तालांवाचा निकाल लागेपर्यंत ठेवावी असे म्हटले. म्हणून हेल्मेटचा तालांव त्या रात्री प्रत्यक्ष दिला गेला का, आणि त्याला चित्रणाचा आधार दाखवला आहे का, हे तपासून पाहावे. दिला असेल तर दंड भरून मोकळे होण्याची घाई करू नये, कारण तालांव मिटला की त्या नोंदीचा हा एक आधारही संपतो.

पोलीस स्थानकाच्या सीसीटीव्हीची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते आपल्या प्रकरणाचे खरे बळ तेथे आहे. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक पोलीस स्थानकात कॅमेरे बसवण्याचा तपशीलवार आदेश दिला. ये-जा करण्याच्या सर्व वाटा, मुख्य फाटक, कोठड्या, मार्गिका, व्हरांडे, निरीक्षक व उपनिरीक्षकांच्या खोल्या, आवाराची पुढची व मागची बाजू आणि स्वच्छतागृहाच्या आत नव्हे तर बाहेर, अशी जागांची यादीच त्यात आहे. चित्रणाबरोबर आवाजही नोंदला गेला पाहिजे, रात्री दिसेल असा कॅमेरा हवा आणि साठवण अठरा महिन्यांची, ती यंत्रणा बाजारात मिळत नसेल तर जास्तीत जास्त मिळेल तेवढी आणि किमान एक वर्षाची, असे न्यायालयाने म्हटले. कॅमेरे चालू आहेत की नाहीत, याची जबाबदारी त्या स्थानकाच्या प्रमुख अधिकाऱ्यावर टाकली. मानवी हक्कांचा भंग झाल्यास चित्रण सुरक्षित ठेवून घेण्याचा हक्क पीडिताला आहे, हेही त्याच आदेशात आहे. तो आदेश सगळीकडे तंतोतंत पाळला गेला असता, तर कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या वाचून सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर २०२५ मध्ये बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली नसती. पण आदेश हा आदेश आहे, आणि आपल्या अर्जात त्याचा उल्लेख असला की ‘आमच्याकडे तसली पद्धत नाही’ हे उत्तर लिहून देणे कोणत्याही अधिकाऱ्याला अवघड जाते.

आता फाटकाकडे पाहू. पुतण्या रात्री बाराच्या आसपास आत गेला आणि सकाळी साडेआठला बाहेर आला, असे आपण सांगता. कागद म्हणतो की तो सकाळी सातला स्वतः आला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, आणि खरे काय ते ठरवायला मारहाणीचे चित्रण लागत नाही. फाटकावरच्या कॅमेऱ्याची दोन चित्रे पुरतात. अटक दाखवलेली नसताना रात्रभर बसवून ठेवले असेल तर ती बेकायदा कोंडणी ठरते, आणि व्हरांड्यात काय झाले याविषयी पोलिसांचे म्हणणे न्यायालय मग वेगळ्या नजरेने वाचते. लोक चापट दिसते का म्हणून चित्रण मागतात. मी वेळ दिसते का म्हणून मागतो. चापट कॅमेऱ्याच्या कोनात येईलच असे नसते, फाटक मात्र येतेच.

अंगावरच्या कॅमेऱ्याविषयी आपली अपेक्षा थोडी कमी करावी लागेल. छातीवरचा कॅमेरा ज्याच्या छातीवर असतो त्याला तो दाखवतच नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका नाकाबंदीचे चित्रण न्यायालयात लावले गेले, तेव्हा मी आरोपीच्या बाजूने उभा होतो. दालनातला पडदा लहान होता, म्हणून न्यायाधीश महाराजांसह आम्ही सगळे त्याच्याभोवती जमलो. पहिल्या क्षणापासूनच आरोपी हातवारे करून मोठमोठ्याने ओरडताना दिसत होता. तो का ओरडतो आहे हे मात्र दिसत नव्हते, कारण चित्रण सुरूच तेथून झाले होते. मग तो जवळ आला, पडद्यावर त्याच्या शर्टाची दुसरी गुंडी एवढी मोठी झाली की बाकी काही उरले नाही, एक धडपड ऐकू आली, आभाळ दिसले, आणि कोणीतरी ‘कॅमेरा बंद कर रे’ असे म्हटल्यावर पडदा काळा झाला. धक्का कोणी कोणाला दिला, हे त्यातून आजही कोणी सांगू शकणार नाही. पण दोन गोष्टी सांगता आल्या. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातील घड्याळ स्टेशन डायरीतील, म्हणजे पोलीस स्थानकाच्या रोजच्या नोंदवहीतील, नोंदीपेक्षा सत्तेचाळीस मिनिटांनी मागे होते, आणि ‘बंद कर’ म्हणणारा आवाज कोणाचा, हे तपास अधिकाऱ्याला उलटतपासणीत ओळखावे लागले. आरोपी सुटला तो चित्रणात जे दिसले त्यामुळे नव्हे. जे दिसायला हवे होते ते का नाही, याचे उत्तर कोणाला देता आले नाही म्हणून सुटला.

म्हणूनच उत्तरदायित्वाचा प्रश्न बटणाशी येऊन थांबतो. कॅमेरा कधी चालू करायचा, कधी बंद करायचा, आणि नंतर ते चित्रण कोणी उतरवायचे, हे ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हाती असेल, तर तो कॅमेरा पोलिसांची ढाल होतो. नागरिकाच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. परदेशातील अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतात. कॅलिफोर्नियातील रिआल्टो या छोट्या शहरात २०१२ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात पोलिसांविरुद्धच्या तक्रारी नव्वद टक्क्यांच्या जवळपास घटल्या आणि सगळ्या जगाने कॅमेरे विकत घ्यायला सुरुवात केली. २०१७ मध्ये वॉशिंग्टन शहरात दोन हजारांहून अधिक पोलिसांवर केलेल्या पाहणीत मात्र मोजण्याइतका फरकच आढळला नाही. त्याआधी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते की कॅमेरा सुरू करण्याचे स्वातंत्र्य ज्या पोलिसांनी स्वतःकडे ठेवले त्यांच्या हातून बळाचा वापर कमी झाला नाही, उलट वाढला, आणि नियमाप्रमाणे पहिल्यापासून कॅमेरा चालू ठेवणाऱ्यांच्या बाबतीत तो कमी झाला. यंत्र दोन्हीकडे सारखेच होते.

या यंत्राची एक सोय आपल्या उपयोगी पडू शकते. बऱ्याच कॅमेऱ्यांत बटण दाबण्याच्या आधीची काही सेकंदे, अनेकदा आवाजाशिवाय, साठवलेली असतात. शिवाय कॅमेरा कधी चालू झाला, कधी बंद झाला, चित्रण संगणकावर कधी उतरवले आणि ते कोणी उघडले, याची नोंदवही यंत्रणा स्वतःच ठेवत असते. आपल्या अर्जात केवळ ‘फुटेज’ मागू नये. त्या रात्री कोणत्या क्रमांकाचा कॅमेरा कोणाला दिला होता याची नोंद, त्या कॅमेऱ्याची ही आपोआप झालेली नोंदवही, संपूर्ण पाळीचे न कापलेले चित्रण, रात्री अकरा ते सकाळी नऊपर्यंतचे फाटक, व्हरांडा व उपनिरीक्षकांच्या खोलीचे सीसीटीव्ही चित्रण आणि त्या काळातील स्टेशन डायरीची पाने, एवढे सगळे जपून ठेवावे असे स्पष्ट लिहावे. व्हरांड्यात कॅमेराच नाही असे उत्तर आले तर निराश होऊ नये. ते उत्तर लेखी घ्यावे, कारण २०२० च्या आदेशात व्हरांडा नाव घेऊन सांगितलेला आहे.

अर्ज मिळाल्यानंतर चित्रण नाहीसे झाले, तर पोलिसांची अडचण दुहेरी होते. पुरावा म्हणून सादर करण्यापासून रोखण्यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि आपल्या पोचेवरची तारीख दाखवते की नष्ट करणाऱ्याला त्याचे महत्त्व ठाऊक होते. दुसरे म्हणजे, हाती असलेला पुरावा जो दडवतो त्याच्या विरोधात तो गेला असता असे न्यायालयाला मानता येते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम ११९ मध्ये हे उदाहरण दिलेले आहे. वाराणसीतील एका हॉटेलातील मृत्यूच्या खटल्यात, तोमासो ब्रुनो प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सीसीटीव्ही चित्रण सादर न केल्याचा ठपका सरकारी पक्षावर ठेवला आणि दोन इटालियन आरोपींची जन्मठेप रद्द केली. त्या निकालातील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राविषयीचा भाग पुढे २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात अमान्य झाला, हे मात्र आपल्या वकिलांनी ध्यानात ठेवावे.

माहिती अधिकाराचा मार्ग बरेचजण सर्वप्रथम सुचवतात. मी तो पहिला मार्ग मानत नाही. उत्तराला तीस दिवस लागतात, तपास चालू असल्याचे कारण देऊन कलम ८(१)(ह) पुढे केले जाते, मग अपील, आणि तोवर चित्रणाचे काय झाले ते कोणी विचारत नाही. स्टेशन डायरी, कॅमेरा वाटपाची नोंद यांसारख्या कागदांसाठी तो नंतर वापरावा. चित्रणासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ९४ खाली न्यायालय इलेक्ट्रॉनिक नोंद मागवू शकते. आरोपीने बचावाचा पुरावा मागवण्याची वेळ खटल्यात पुढे येते असा आक्षेप सरकारी वकील घेतील, आणि तो अगदीच निराधार नसतो. म्हणून आत्ता ‘सादर करा’ अशी मागणी न करता केवळ ‘जपून ठेवा’ एवढाच आदेश मागावा. एवढ्याला नकार देणारे न्यायाधीश मी फार थोडे पाहिले आहेत. आरोपपत्र दाखल झाले आणि पोलिसांनी स्वतःच चित्रणाचा आधार घेतला, तर त्याची प्रत मिळणे हा आपला हक्क आहे. मेमरी कार्डातील मजकूर हा दस्तऐवजच आहे आणि आरोपीला सामान्यतः त्याची प्रत दिली पाहिजे, हे केरळमधील पी. गोपालकृष्णन प्रकरणात २०१९ मध्ये ठरले आहे.

प्रत हाती आली की आधी प्रमाणपत्र पाहावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) खालील प्रमाणपत्राला दोन भाग असतात, एक नोंद सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाईलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे त्या फाईलचा बोटाचा ठसा समजा. चित्रणाचा एक सेकंद जरी कापला तरी तो ठसा बदलतो. आपल्याकडच्या प्रतीचा हॅश प्रमाणपत्रातील हॅशशी जुळतो का, हे आपल्या ओळखीचा कोणीही संगणक जाणणारा मुलगा काही मिनिटांत सांगू शकेल.

तक्रारीविषयी थोडक्यात. प्रकाश सिंग प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापन करण्यास सांगितले. गोव्यातही असे राज्य प्राधिकरण आहे आणि त्याच्याकडे साध्या कागदावर प्रतिज्ञापत्रासह तक्रार करता येते. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचे असेल तर घटनेपासून एक वर्षाची मर्यादा आहे. २०२० च्या आदेशाप्रमाणे गंभीर इजेच्या प्रकरणात आयोग सीसीटीव्ही चित्रण मागवू शकतो. या संस्थांकडून झटपट न्यायाची अपेक्षा ठेवू नये, पण त्यांच्याकडून गेलेली नोटीस पोलीस स्थानकाच्या आवक नोंदवहीत येते, आणि चित्रण हरवण्याचे प्रकार त्यानंतर कमी होतात असा माझा अनुभव आहे. निरीक्षक व अधीक्षकांकडे लेखी देऊनही मारहाणीचा गुन्हा नोंद झाला नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. मात्र नव्या संहितेत लोकसेवकाविरुद्धच्या तक्रारीत वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल मागवण्याची तरतूद आहे, त्यामुळे वेळ लागेल हे धरून चालावे.

एक अप्रिय गोष्टही सांगणे भाग आहे. चित्रण मागण्यापूर्वी पुतण्याला घरात, वडीलधाऱ्यांच्या गोतावळ्यात नव्हे तर एकट्याला बसवून, धक्का दिला होता का ते विचारावे. दिला असेल तर चित्रण त्याच्याही विरोधात बोलेल. तरीही ते जपले जावे असेच मी सांगेन, कारण धक्का दिल्याबद्दल शिक्षा देण्याचे काम न्यायालयाचे आहे, व्हरांड्याचे नाही. पण मग वकिलाची मांडणी पहिल्या दिवसापासून वेगळी असावी लागते. ‘माझा पुतण्या असे करणारच नाही’ असे शपथपत्रावर लिहून नंतर पडद्यावर तो तसे करताना दिसला की त्याच्या खऱ्या मारहाणीवरही कोणी विश्वास ठेवत नाही. अशी दोन प्रकरणे मी डोळ्यांदेखत बुडताना पाहिली आहेत.

मित्राने त्या रात्री मोबाईलवर काही टिपले असेल तर ते गुन्हा ठरेल का, अशी भीती आपण शेवटी व्यक्त केली आहे. रस्त्यावर पोलिसांचे चित्रण करण्यास बंदी घालणारा कायदा नाही. पोलीस स्थानकात केलेल्या चित्रणाबद्दलही मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटले आहे की पोलीस स्थानक हे शासकीय गुपिते कायद्याखालील ‘निषिद्ध ठिकाण’ नाही. आपले गोवा खंडपीठही त्याच उच्च न्यायालयाचे असल्याने हा निकाल येथे वापरता येतो. मात्र ते चित्रण व्हॉट्सॲपवर फिरवू नये, कारण तेथून गेलेली फाईल दाबून लहान केलेली असते आणि तिचा हॅश मूळ फाईलशी जुळत नाही. मूळ मोबाईल बदलू नये, विकू नये, ‘फॉरमॅट’ करू नये. तो बंद करून पाकिटात घालावा, पाकिटावर तारीख लिहून मित्राची सही घ्यावी आणि वकिलांकडे द्यावा. पुतण्याला अजून सरकारी डॉक्टरांकडे नेले नसेल तर त्यालाही उद्या सकाळीच न्यावे. नऊ दिवसांनी वळ फिका झालेला असतो, पण कानाला मार बसला असेल तर तो तपासणीत अजूनही दिसू शकतो, आणि केसपेपरवर ‘पोलीस स्थानकात मारहाण झाल्याचे रुग्ण सांगतो’ एवढी ओळ लिहून घेण्याचा आग्रह धरावा.